बोटीवरचं जेवण, दोन फॉर्मल नाइट आणि काळी चंद्रकळा

प्रश्न: मी ५९ वर्षांची, मुलुंडला राहते. मुलाने जुलैमध्ये बार्सिलोनाहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे. बुकिंगच्या कागदात रात्रीच्या जेवणाला पाच दिवस ‘स्मार्ट कॅज्युअल’ आणि दोन दिवस ‘फॉर्मल’ असं लिहिलंय. सून म्हणते, एक छानसा गाऊन घेऊन टाका. मी जन्मभर साडी आणि पंजाबी ड्रेसच घातला. साडी नेसून तिथल्या डायनिंग रूममध्ये गेलं तर चालतं का? कपडे किती न्यावेत? दागिने कोणते? आणि नथ घातली तर विचित्र दिसेल का?

उत्तर:

ताई, आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे आज रात्री झोप लागेल: साडी चालते. नुसती चालते असं नाही, फॉर्मल नाइटला साडी नेसलेली बाई डायनिंग रूममध्ये शिरली की आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरची सूपं थंड होतात. एवढ्या वर्षांत माझ्या ग्रुपमधल्या एकाही बाईला साडीवरून दारात कुणी अडवलेलं नाही. क्युनार्डसारखी कपड्यांच्या बाबतीत सगळ्यात कडक म्हणावी अशी कंपनीसुद्धा गाला नाइटला, म्हणजे तिच्या फॉर्मल रात्री, आपापल्या देशाचा पारंपरिक पोशाख मान्य करते. त्यामुळे चालेल की नाही हा प्रश्न सोडून द्या. ती बोटीवर सांभाळायची कशी, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर मला बरंच बोलायचंय.

मी टूर मॅनेजर होते. पहिला ग्रुप घेऊन चढले ती सुपरस्टार लिब्रा, २००६ साली, आपल्याच बॅलार्ड पिअरहून. तेव्हा क्रूझ म्हणजे नक्की काय हे ग्रुपला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी स्वतः हिरवी पैठणी घेऊन गेले होते, मोठ्या बॅगेत अगदी तळाशी. बॅगा टर्मिनलवर देऊन टाकायच्या असतात, त्या नंतर केबिनच्या दाराशी येतात. माझी आली रात्री साडेनऊला. पहिलं जेवण मी पार्ल्याहून निघताना घातलेल्या चुरगळलेल्या सलवार-कमीझमध्ये जेवले, समोर माझाच ग्रुप झकपक बसलेला. म्हणून पहिला नियम: पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत. एक कुर्ता, एक पँट, चपला, औषधं, एक स्टोल. पहिली रात्र बहुतेक बोटींवर साधीच ठेवतात, कारण बॅगा वेळेवर न पोचणं हे त्यांच्याही अंगवळणी पडलेलं आहे.

आता ‘फॉर्मल’ म्हणजे काय. शब्द इंग्रजी असला की आपण उगाच घाबरतो. आपल्या हिशेबात मांडा. मुहूर्ताला नेसतो तो शालू नको. संध्याकाळच्या रिसेप्शनला, जवळच्या नात्यातल्या, आपण जशा जातो तसं म्हणजे फॉर्मल. आणि स्मार्ट कॅज्युअल म्हणजे भाचीच्या वाढदिवसाला बऱ्या हॉटेलात जेवायला निघालो तसं. बाजारात भाजीला जातो त्याच्या वरचं आणि लग्नाला जातो त्याच्या खालचं. बस, एवढंच आहे.

कंपनीकंपनीत मात्र फरक पडतो आणि तो तुमच्या कागदावर बघायला हवा. नॉर्वेजियनच्या बोटींवर फॉर्मलची सक्तीच नाही. सेलिब्रिटीवाले त्याला ‘इव्हनिंग शीक’ म्हणतात, कार्निव्हलवाले ‘एलिगंट’, शब्द वेगळे, अर्थ आपल्या रिसेप्शनचाच. क्युनार्डवर संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बहुतेक भागात नीटनेटकेच कपडे लागतात आणि गाला नाइटला कधी काळा-पांढरा तर कधी लाल-सोनेरी असा रंगही ठरलेला असतो. व्हर्जिनच्या बोटीवर एक रात्र सगळे लाल घालतात. कोस्टासारख्या इटालियन बोटींवर ‘व्हाइट नाइट’ असते, तिच्याबद्दल पुढे सांगते. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलियाची एम्प्रेस असेल तर फार विचारच करू नका. ती बोट १९९० साली नॉर्डिक एम्प्रेस म्हणून समुद्रात उतरलेली, पण २०२१पासून तिच्यावर वातावरण आपल्या घरच्या कार्यासारखं असतं, जैन जेवणासकट. तिथे चांगला कुर्ता रोज चालतो.

सगळीकडे चालत नाही ते एवढंच: पोहण्याचे कपडे, बाथरोब, अनवाणी पाय आणि रबरी स्लीपर. पुरुषांचे बिनबाह्यांचे बनियनवजा टीशर्ट. आणि ज्या रात्री नटायचा कंटाळा येईल, त्या रात्री वरच्या डेकवरच्या बुफेत जा, तिथे सहसा फॉर्मलचा नियम नसतो. माझ्या ग्रुपमधल्या एक बाई दोन्ही फॉर्मल नाइटला बुफेत जाऊन दहीभात शोधायच्या. भात मिळायचा, दहीही मिळायचं, फोडणी तेवढी नसायची. त्या अगदी मजेत होत्या.

आता साडीकडे येऊ.

बोटीवर साडीची चार संकटं असतात: इस्त्री, जागा, वारा आणि जिने. यातलं एकही संकट मुलुंडच्या हॉलमध्ये नसतं, म्हणून बायका बेसावध जातात.

इस्त्री केबिनमध्ये नेता येत नाही. आगीचा धोका म्हणून बंदी असते, आणि छोटा हातात धरायचा स्टीमरसुद्धा बहुतेक कंपन्या काढून घेतात. बॅग एक्स-रेमधून जाते, सापडतो, आणि उतरताना परत मिळतो. काही बोटींवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते, तिथे इस्त्री असते. पण फॉर्मल नाइटच्या संध्याकाळी तिथे दादर स्टेशनच्या पुलासारखी गर्दी. पैसे देऊन कपडे प्रेस करून मिळतात, पण वेळेचा भरवसा आदल्या दिवशी दिलं तरच. त्यामुळे जी साडी इस्त्रीवाचून नेसता येत नाही ती न्यायचीच नाही. म्हणजे कॉटन नको, ऑर्गॅन्झा नको, टिश्यू तर अजिबात नको. चंदेरी आणि महेश्वरी मला प्राणाहून प्रिय, पण बॅगेतून निघाल्यावर त्यांच्यावर घड्यांचा नकाशा उमटलेला असतो. नेऊ शकता त्या: क्रेप, जॉर्जेट, शिफॉन, सॅटिनकडे झुकणारं मऊ सिल्क. क्रेप सिल्कची एक साडी ब्लाउजसकट जेमतेम अर्ध्या किलोची होते, रात्रभर हँगरला लटकवली की सरळ होते. थोडी सुरकुती राहिलीच तर बाथरूममध्ये टांगा, दार लावून गरम पाण्याचा शॉवर पाच-सात मिनिटं सोडा. वाफेने काम होतं. साडी पाण्यापासून लांब टांगा, हे सांगावं लागू नये, पण एकीला सांगायचं राहिलं होतं.

पैठणी? नेऊ नका. माझं हे मत ऐकून पुष्कळ बायका नाराज होतात. जर घडीवर तुटते, वजन होतं, केबिनमध्ये ती मोकळी पसरायला जागा नसते, आणि वेटर तुमच्या खांद्याशेजारून रेड वाइन ओततो. बोट हलली नाही तरी शेजारचा हलतो. बोटीवरच्या लाँड्रीत पैठणी द्यायची छाती मला तरी झाली नसती. पैठणीचा सोस असेल तर पैठणी काठाचा ब्लाउज शिवून घ्या आणि तो साध्या काळ्या किंवा गडद निळ्या क्रेपवर घाला. फोटोत ब्लाउजच दिसतो, कारण टेबलाखालचं कुणी बघत नाही.

दुसरं संकट जागेचं. आतल्या बाजूची केबिन साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, त्यात पलंग, कपाट आणि नवरा. निऱ्या काढायला दोन पलंगांच्या मधली फटच मिळते. आरसा एक, तोही बहुधा टेबलावर अर्धा. म्हणून घरूनच निऱ्या घालून न्या. दादर, पार्ले, ठाणे, तुमच्या मुलुंडलाही साडी नेसवणाऱ्या मुली असतात; त्या निऱ्या आणि पदर तुमच्या मापाने घालून, पिना लावून, इस्त्री करून चपट घडी करून देतात. अशी साडी मलमलच्या पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वर सपाट ठेवा. बोटीवर ती खोचायला आणि पदर पिन करायला पाच मिनिटं पुरतात. ज्या चपला घालणार त्याच घालून माप द्या, हे मात्र विसरू नका. शिवलेली तयार साडीही मिळते, तिला मी पूर्वी नाकं मुरडायची. आता गुडघे बोलायला लागल्यापासून मीच घालते.

कपाटात हँगर मोजके असतात. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, तिथे चुंबकाचे हुक मस्त चिकटतात. क्रॉफर्ड मार्केटात किंवा ऑनलाइन चार घ्या. साडी, स्टोल, पर्स, नवऱ्याचं जॅकेट, सगळं भिंतीवर.

वारा. जेवण आत असतं, पण जेवणाआधी सूर्यास्ताचा फोटो काढायला सगळे डेकवर जातात, आणि जुलैत त्या भागात सूर्य नऊच्या आसपास मावळतो, म्हणजे जेवणानंतरही. चालत्या बोटीचा वारा मरिन ड्राइव्हच्या वाऱ्यासारखा लाडाने येत नाही, तो पदर उचलून शेजारच्या जर्मन बाईच्या तोंडावर टाकतो. मी पाहिलंय. पदर मोकळा सोडू नका. निऱ्या घालून खांद्यावर ब्लाउजलाच पिन, आणि डेकवर गेलं की टोक कमरेला खोचा. आमच्या आईच्या वेळच्या बायका भाऊच्या धक्क्याहून कोकणच्या बोटीने नऊवारी नेसून देवगड-मालवणला जायच्या. बंदराबाहेर बोट उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं, एका हातात मूल, एका हातात ट्रंक. काष्टा आणि खोचलेला पदर, म्हणून जमायचं त्यांना. वाऱ्यासाठी साडी कशी नेसायची हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

जिने. बोटीवर लिफ्ट असतात, पण जेवणाच्या वेळी त्या भरलेल्या येतात आणि भरलेल्या जातात. शेवटी माणूस जिन्याने निघतो. मधल्या मोठ्या चौकातले जिने गुळगुळीत, कधी काचेच्या कठड्याचे, शिवाय बोट थोडी डोलत असते. म्हणून साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसा. टाच जाड ठोकळ्याची, दीड-दोन इंचांच्या आत. पेन्सिल हील डेकच्या लाकडी फटीत अडकते, आणि कोल्हापुरी चपलेचा कातडी तळ ओल्या डेकवर बर्फासारखा घसरतो. कोल्हापुरी आवडत असेल तर चांभाराकडून खाली रबरी सोल लावून घ्या, तीही फक्त आत घालायला.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग सूनबाईचा गाऊन काय वाईट? तिचं चुकत नाही ताई, ती तुमच्या सोयीचंच बघतेय. गाऊनला निऱ्या नाहीत, पदर नाही, अंगावर टाकला की झालं. माझी हरकत वेगळी आहे. गाऊन घालून चालायची सवय लागते, जशी साडीची आपल्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागली. साडीत जिना चढताना आपला डावा हात आपोआप निऱ्या उचलतो. गाऊनमध्ये तो हात काय उचलायचं ते शोधत राहतो. माझ्या एका ग्रुपमधल्या साठीच्या बाईंनी लिंकिंग रोडवरून जमिनीपर्यंतचा सुरेख वाइन रंगाचा गाऊन घेतला होता, दुकानात उभं राहून बघितलेला. बोटीवर दुसऱ्या पायरीलाच घेर टाचेखाली आला आणि शिवण कमरेपासून उसवली. लागलं नाही, देवाची कृपा. पण त्या संध्याकाळभर माझी शाल कमरेला गुंडाळून बसल्या आणि दुसऱ्या फॉर्मल नाइटला आल्याच नाहीत. नंतर मला म्हणाल्या, मी दुकानात त्यात एकदाही बसले नव्हते गं.

तर गाऊन घ्यायचाच असेल तर घोट्याच्या वर संपणारा घ्या, आणि घरात तो घालून एकदा पूर्ण जेवा. खुर्चीत बसा, पोळी-भाजी खा, वाकून पाणी घ्या, इमारतीचा एक जिना चढा-उतरा. दोन तास सुखाने गेले तर न्या. बोटीवरचं जेवण चार-पाच पदार्थांचं असतं, दीड-दोन तास चालतं. कमरेत आवळणारं काहीही तिसऱ्या पदार्थाला त्रास द्यायला लागतं. हीच परीक्षा नव्या ब्लाउजलाही लावा. आपल्या शिंप्यांना ब्लाउज उभ्या बाईच्या मापाने शिवायची खोड आहे, जेवणाऱ्या बाईच्या नाही.

तुमच्या दोन फॉर्मल रात्रींसाठी माझं उत्तर हे. एका रात्री काळी साडी. संक्रांतीची काळी चंद्रकळा किंवा काळी क्रेप कपाटात असेलच. आपल्याकडे काळं वर्षातून एकदा निघतं आणि हळदीकुंकू झालं की परत घडी. पाश्चात्त्यांच्या फॉर्मल रात्रीचा तोच मानाचा रंग आहे. तिथे निम्मे पुरुष काळ्या सुटात, बायकाही पुष्कळ काळ्यात, आणि त्यात चंदेरी बुट्ट्यांची किंवा बारीक काठाची काळी साडी अशी शोभते की बोटीचा फोटोग्राफर तुम्हाला शोधत येतो. तो फोटो विकत असतो, फुकट देत नाही, हे लक्षात असू द्या. दुसऱ्या रात्री गडद हिरवी, जांभळी किंवा मोरपिशी. शक्य असेल तर एकच ब्लाउज दोन्हींवर चालेल असा बघा, सोनेरी किंवा चंदेरी; बॅगेतली जागा वाचते.

फॉर्मल रात्र बहुधा ज्या दिवशी बोट बंदराला लागत नाही त्या दिवशी ठेवतात, म्हणजे तयारीला दुपार मोकळी मिळते. बाकीच्या रात्रींचं तसं नसतं, आणि माझ्या मते त्याच जास्त अवघड. तुमच्या मार्गावर रोम असेल तर बोट चिविताव्हेक्कियाला लागते. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. सकाळी सातला निघालेलं माणूस संध्याकाळी साडेपाचला पाय ओढत परततं, आणि पहिल्या पंगतीचं जेवण साधारण सहाच्या आसपास असतं. हो, पंगतीच असतात, पहिली आणि दुसरी, दुसरी आठ-सव्वाआठची. पहिली मिळाली असेल आणि गर्दीचं वेळापत्रक असेल तर मुलाला दुसरी मागायला सांगा. आपल्याला मुंबईकरांना सहाला भूक लागत नाही, सहाला चहा लागतो.

त्या पाच रात्रींसाठी पंधरा मिनिटांत अंगावर चढेल असं हवं. दोन चांगल्या बॉटम घ्या, एक काळी सरळ पँट, एक ऑफ-व्हाइट प्लाझो. त्यांच्यावर चार कुर्ते. हातमागाच्या सिल्कचे नाहीत, तर क्रेपचे, कारण इस्त्रीचं गाणं तेच आहे. एखादा खणाचा घ्या, खण चुरगळतो कमी आणि दिव्यात चमकतो छान. मुंबईत यासाठी लांब जायचं कारण नाही. कापड घेऊन शिवायचं असेल तर मंगळदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता, तयार हवं असेल तर रानडे रोड. चमकी-सिक्विन मात्र टाळा. पहिल्या पंगतीला बसलात तर बाहेर लख्ख ऊन असतं, मोठ्या खिडक्यांतून ते टेबलावर येतं, आणि भर उन्हातली चमकी वरातीतल्या बँडवाल्यासारखी दिसते.

कुर्त्याला खिसा लावून घ्या. हे मी कळकळीने सांगते. बोटीवर एक कार्ड असतं, तेच केबिनची किल्ली, तेच पैसे, तेच उतरायचा पास. रोज रात्री कुणीतरी ते टेबलावर, बाथरूममध्ये नाहीतर बुफेच्या ट्रेखाली विसरतं. साडीखालच्या परकराला आजीसारखा चोरखिसा लावून घ्या, नाहीतर छोटा बटवा मनगटाला अडकवा. मोठी पर्स जेवायला नेऊ नका, ती ठेवायला जागा नसते आणि पायाशी ठेवली तर वेटर अडखळतो.

गारठा हा अजून एक विषय. डायनिंग रूम आणि जेवणानंतरचा शो होतो ते थिएटर, दोन्हीकडे एसी आपल्या मल्टिप्लेक्सला लाजवेल असा. बाहेर तीस डिग्री, आत कुडकुडायचं. एक पश्मिन्यासारखा पातळ मोठा स्टोल, काळा किंवा राखाडी, साडीवर, कुर्त्यावर, सगळ्यावर चालेल असा. तोच दिवसा व्हॅटिकनला उपयोगी पडतो. सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. कुर्तावाल्या बायकांना त्याचं काहीच नसतं, पण सूनबाई बिनबाह्यांचा ड्रेस घालून येईल आणि ऐनवेळी तुमचाच स्टोल मागेल. दोन न्या.

आता व्हाइट नाइट. तुमच्या कागदात ‘व्हाइट’ असा शब्द आहे का बघा. असेल तर त्या रात्री सगळी बोट पांढऱ्यात. आपल्याकडे याचं जड होतं, हे मी पाहिलंय. एका ग्रुपमध्ये सत्तरीच्या एक आजी होत्या, यजमान सोबत होते. त्या म्हणाल्या, हे शेजारी बसलेले असताना मी नखशिखान्त पांढरं घालणार नाही, कुणाचे काही का नियम असोत. मी म्हटलं, बरोबर आहे आजी. त्यांना ऑफ-व्हाइट साडी, सोनेरी काठ, लाल ब्लाउज, ठसठशीत कुंकू आणि हातभर हिरव्या बांगड्या. कुणी एक शब्द बोललं नाही, उलट चार जणींनी बांगड्या हातात घेऊन बघितल्या. सक्ती नसतेच त्या रात्रीची. लखनवी चिकनचा कुर्ताही त्या रात्रीला उत्तम, आणि तो पुन्हा दिवसा चालतो.

दागिन्यांबद्दल थोडक्यात: खरं सोनं घरी. मंगळसूत्र आणि रोजच्या दोन बांगड्या पुरे. केबिनमध्ये तिजोरी असते, पण ती सारखी आठवत राहणं ही सुट्टी नव्हे. मोत्यांचं घ्या, तेही नकली. भुलेश्वरात किंवा दादरला चांगला तन्मणी आणि कुड्या मिळतात. काळ्या साडीवर तन्मणी, कानात कुड्या, अंबाडा आणि बाकी काही नाही. गजरा हवा असेल तर कापडी न्या. ताजी फुलं मुंबई विमानतळावर सुंदर असतात, बार्सिलोनाला पोचेपर्यंत त्यांचा चहा झालेला असतो.

यजमानांचं तुम्ही विचारलं नाही, पण आयत्या वेळी त्यांच्यावरूनच भांडण होतं. त्यांना एक गडद बंदगळा किंवा ब्लेझर, दोन फुल शर्ट, एक काळी पँट आणि लेसचे बूट. पांढरे स्पोर्ट्स शूज घालून फॉर्मलला येणारे काका मी दर ट्रिपला पाहिले. बंदगळा असेल तर टायचा प्रश्न सुटतो, आणि बायकोच्या साडीशेजारी तो शोभतोही.

हिशेब असा: दोन साड्या, एक किंवा दोन ब्लाउज, परकराऐवजी साडीचा शेपवेअर चालत असेल तर तो (पायात घोळत नाही, जिन्यावर सुख), चार कुर्ते, दोन बॉटम, दोन स्टोल, चपलांचे दोन जोड. जेवणाचे कपडे यापेक्षा जास्त नकोत. युरोपच्या विमानांत बऱ्याचदा एकच २३ किलोची बॅग मिळते आणि तुम्हाला त्यात मेतकूट, लोणचं, थेपले आणि सुनेची छत्रीही घालायची आहे. पिनांचं पाकीट, सुई-दोरा आणि छोटी कात्री त्याच मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको.

राहिली नथ. विचित्र अजिबात दिसत नाही. दाबाची मोत्यांची घ्या, काळ्या चंद्रकळेवर लावा, जिन्यावर उभं राहून फोटो काढून घ्या. शेजारच्या टेबलावरच्या बाया विचारतील, दुखत नाही का, भोक कुठे आहे, जेवताना काय करता. त्यांना हसून दाखवा कशी निघते ते. आणि खरंच काढा, सूप यायच्या आधी.